बॉम्बे रक्तगट आणि गॉल्जीतली साखर

रक्तगट तपासताना काचपट्टीवर रक्ताचे दोन थेंब घेतात. एकात ए गट ओळखणारं द्रावण अँटी-ए, दुसऱ्यात बी ओळखणारं अँटी-बी मिसळून काचपट्टी हलक्या हाताने डोलवतात. दोन्ही थेंब गुठळ्या न धरता एकसंध राहिले की गट ओ. पण मुंबईच्या रक्तपेढ्यांत अधूनमधून असं रक्त येतं, की काचपट्टीवर ओ दिसतं आणि ओच्याच बाटलीशी क्रॉसमॅच करताना, म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाला चालेल का हे तपासताना, नळीत गुठळ्या धरतात. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रक्ताची नोंद केली. तोच बॉम्बे रक्तगट.

त्याचं मूळ पेशीतल्या गॉल्जी संकुलात आहे. घडवंचीवर एकावर एक गोधड्या रचाव्यात तशा या चपट्या पिशव्या. इटालियन शास्त्रज्ञ कॅमिलो गॉल्जींनी १८९८ मध्ये घुबडाच्या चेतापेशीत त्या पाहिल्या, तेव्हा अनेकांना तो रंगाचा भास वाटला. नवी प्रथिनं या पिशव्यांमधून पुढे सरकतात आणि वाटेत तिथली एन्झाइमं त्यांच्यावर साखरेचे रेणू जोडतात. एन्झाइमंही प्रथिनंच, पण ती मुक्कामाला असतात; पिशवीच्या पडद्यात एक टोक रोवून बसलेली.

एफयूटी१ हे त्यांपैकी एक. लालपेशीवरच्या साखरेच्या साखळीला ते टोकाशी फ्युकोज नावाची साखर जोडतं. हा झाला एच प्रतिजन, म्हणजे पेशीवरची एक ओळखखूण. त्यावर आणखी एक साखर चढली की ए किंवा बी, नाही चढली तर ओ. भारतातल्या बॉम्बे गटाच्या अनेकांमध्ये ३६५ अमिनो आम्लांच्या या प्रथिनात २४२व्या जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन येतं. बदल एवढाच, पण एन्झाइम निकामी होतं. मग ए किंवा बी जोडणारं एन्झाइम शेजारी धडधाकट असलं तरी त्याला साखर जोडायला जागाच मिळत नाही.

मला सगळ्यात थक्क करते ती पुढची गोष्ट. रक्तात फिरणाऱ्या पक्व लालपेशीत गॉल्जी नसतंच. साखर चढते अस्थिमज्जेत, पेशी वाढत असताना. नंतर केंद्रक बाहेर टाकून ती रक्तात उतरते आणि उरलासुरला कारखानाही मोडीत काढते. काचपट्टीवर आपण वाचतो ते त्या मोडलेल्या कारखान्याचं काम.

एच कधीच न पाहिलेलं शरीर एचविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. ओ रक्तात तर एच भरपूर, म्हणून तेही जीवघेणं ठरतं. या रुग्णाला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आल्याशिवाय हा गट होत नाही, त्यामुळे सख्ख्या भावंडात तो असण्याची शक्यता चारात एक. म्हणून नातेवाईकांना आधी विचारतात, “पेशंटचं सख्खं भाऊ-बहीण कोणी आहे का?”