काटा लाखाच्या पुढे गेलेल्या टर्बो-पेट्रोल सेडानसाठी : दुरुस्तीआधी एवढं वाचा

हे पत्रक स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आरएस, लॉरा टीएसआय, लॉरा आरएस आणि सुपर्ब १.८ टीएसआय बाळगणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी आहे. ऑक्टाव्हिया, लॉरा, सुपर्ब ही तिन्ही नावं छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी होऊन रस्त्यावर आली. २००४ मधली ऑक्टाव्हिया आरएस १५० अश्वशक्तीची होती आणि २०११ मधली लॉरा आरएस १६० अश्वशक्तीची. या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात आहेत, काटा दीड-दोन लाख किलोमीटरवर आहे, आणि गाडी दाखवायला येणारा जवळपास प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारतो: हिच्यावर अजून पैसे घालायचे का?

आमचं मत सरळ आहे. या गाडीचं लोखंड दोन लाखांनी थकत नाही. थकतं ते प्लास्टिक, रबर आणि वेळेवर न बदललेलं तेल. पाचशे रुपयांचा पाइप फुटून इंजिन तापतं आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकतं, तेव्हा लोक म्हणतात गाडी जुनी झाली. गाडी पाइपामुळे गेलेली असते. म्हणून आमच्याकडे कामाचा क्रम ठरलेला आहे: आधी इंजिनाचा जीव, मग ब्रेक आणि टायर, मग खालची खडखड, आणि पॉवर वाढवायची असेल तर ती सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा करून काम करून द्या असं कुणी म्हटलं, तर आम्ही नम्रपणे नाही म्हणतो.

पट्टा की चेन, हे आधी माहीत करून घ्या

जुनी ऑक्टाव्हिया आरएस आणि टीएसआय गाड्या, दोन्हीकडे इंजिन १.८ लिटरचं टर्बो-पेट्रोल असलं तरी ही दोन वेगळी इंजिनं आहेत.

जुन्या ऑक्टाव्हिया आरएसचं इंजिन १७८१ सीसीचं, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, म्हणजे एकूण वीस. त्याचं टायमिंग, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणं, पट्ट्यावर आहे. पट्टा तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि हेड उघडावंच लागतं. पट्टा वरून कितीही चांगला दिसला तरी त्याच्या दिसण्यावर जाऊ नका. आम्ही पाच वर्षं किंवा ७५,००० किलोमीटर, यातलं जे आधी येईल ते धरतो. पट्ट्याबरोबर टेन्शनर, रोलर आणि वॉटर पंपही बदलतो, कारण पंप याच पट्ट्यावर फिरतो. पंपाचं बेअरिंग जाम झालं तर नवा पट्टाही त्याच्याबरोबर जातो. सेकंडहँड गाडी घेतली आणि पट्टा कधी बदलला याचं बिल नसेल, तर तो बदललेला नाही असंच समजा.

लॉरा आणि सुपर्बच्या टीएसआय इंजिनात (१७९८ सीसी) चेन आहे. चेनवाली गाडी म्हणजे कायमची चिंता मिटली, ही समजूत या इंजिनापुरती तरी चुकीची आहे. चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो, आणि सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांमध्ये तो कमजोर होता. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड येऊन थांबते, ही त्याची खूण. टेन्शनर सैल पडला की चेन दातावरून उडी मारू शकते, आणि पुढचं नुकसान पट्टा तुटल्यासारखंच. चढावर गाडी नुसत्या गिअरवर उभी केली आणि ती थोडी मागे सरकली, तर इंजिन उलटं ढकललं जातं. टेन्शनर थकलेला असेल तर पुढचा स्टार्ट धोक्याचा. उतार-चढावर हँडब्रेक आधी घट्ट ओढा, गाडीचा भार त्यावर येऊ द्या, मग गिअर टाका.

हे तपासायला इंजिन उघडावं लागत नाही. टायमिंगच्या खालच्या कव्हरला एक रबरी बूच आहे. ते काढून आरशाने किंवा छोट्या कॅमेऱ्याने टेन्शनर किती बाहेर आलाय हे दिसतं. स्कॅनरवर कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) स्थिती अंशांमध्ये येते, त्यावरून चेन किती ताणली गेली तेही कळतं. दोन्ही नोंदी आम्ही तुम्हाला फोटोसकट देतो. नुसता आवाज ऐकून चेनचं काम काढणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आणि आवाज ऐकून 'या गाड्यांना एवढं चालतं' म्हणणाऱ्यावर तर अजिबात नको.

तेल पिणारी गाडी

टीएसआयबद्दल सगळ्यात जास्त फोन याच विषयावर येतात. कंपनीच्या पुस्तकात हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत तेल लागू शकतं असं लिहिलं आहे. आमच्या मते हजाराला अर्धा लिटर ही पुस्तकात बसणारी, पण लक्ष घालण्याची गोष्ट आहे. अशी गाडी मुंबई-पुणे चार फेऱ्या करेपर्यंत डिपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर) फरक दिसू लागतो, आणि बहुतेक मालक सर्व्हिसच्या मध्ये डिपस्टिक काढूनच बघत नाहीत. तेल कमी झालं की पहिला फटका वरच्या त्याच टेन्शनरला आणि टर्बोला.

तेल दोन वाटांनी जातं. एक, इंजिनातली वाफ परत ओढणाऱ्या ब्रीदर व्हॉल्व्हमधला पातळ पडदा फाटतो. इंजिन चालू असताना तेल भरायचं झाकण उघडून बघा: आतून जोरात ओढल्यासारखं झाकण घट्ट बसलं असेल किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर संशय इथेच घ्यायचा. हे काम छोटं आहे, तासाभरात होतं. दुसरी वाट महागडी. पिस्टनवरची तेलाची रिंग बारीक आहे आणि तिच्यामागची भोकं लहान. वर्षानुवर्षांच्या काजळीने ती बुजतात आणि तेल वर जाऊन जळतं. त्यावर खरा इलाज म्हणजे इंजिन उतरवून सुधारित पिस्टन आणि रिंगा.

म्हणून आम्ही थेट इंजिनाचं एस्टिमेट देत नाही. आधी ब्रीदर बदलतो, तेल खुणेपर्यंत भरतो, झाकणाला सील लावतो आणि गाडी हजार किलोमीटरसाठी तुमच्याकडे परत देतो. मग मोजतो. आकडा किरकोळ आला तर मोठं काम काढायची गरज नाही, डिपस्टिक बघत गाडी चालवा. आकडा मोठा आला तर खर्च आणि गाडीचा बाजारभाव शेजारी-शेजारी लिहून तुमच्यासमोर ठेवतो. इंजिनाचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जाऊ लागला, तर तेही स्पष्ट सांगतो. ती गाडी ठेवायची का, हा निर्णय मग तुमचा.

तेल फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४० वापरा. डब्यावर फोक्सवॅगन (स्कोडाची मूळ कंपनी) ५०२.०० हे प्रमाणन छापलेलं असलं पाहिजे. सर्व्हिस बुकात १५,००० लिहिलं असलं तरी लाखाच्या पुढच्या टर्बो गाडीचं तेल आम्ही ७,५०० ला बदलतो. शहरातल्या सिग्नलवर इंजिन चालू राहतं, काटा मात्र पुढे सरकत नाही. जुन्या ऑक्टाव्हियात तर जळलेल्या तेलाचा गाळ खालच्या चाळणीत साठतो आणि तेलाचा दाब पडतो. तिथे तेलाचा लाल दिवा लागला तर गाडी जागेवर बंद करा आणि टोइंग मागवा. गॅरेज दोन किलोमीटरवर आहे म्हणून चालवत आणू नका.

टीएसआयमध्ये आणखी एक गोष्ट आहे. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने कधी धुतलेच जात नाहीत. त्यांच्यावर काजळीचा जाड थर बसतो, सकाळी इंजिन थरथरतं, मिसफायरचा (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळल्याचा) कोड येतो आणि विनाकारण कॉइल-प्लग बदलले जातात. टाकीत ओतायची क्लीनरची बाटली या व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही, ते पैसे वाचवा. आम्ही इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) काढून अक्रोडाच्या कवचाच्या भुश्याचा हवेच्या दाबाने मारा करतो. धातूला ओरखडा जात नाही आणि व्हॉल्व्ह स्वच्छ होतात.

कुलंट, घाट आणि पाऊस

टीएसआयचा वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट एकाच प्लास्टिकच्या घरात आहेत आणि ते घर इनटेक मॅनिफोल्डखाली लपलेलं आहे. उष्णतेने ते वाकतं आणि झिरपू लागतं. जमिनीवर थेंब पडतोच असं नाही, कारण गरम इंजिनावर तो वाळून जातो आणि मागे गुलाबी पापुद्रा राहतो. टाकीतली पातळी महिन्याला बोटभर उतरत असेल तर वरून भरत बसू नका, दाखवायला आणा. भरायची वेळ आलीच तर कंपनीच्या प्रमाणाचं गुलाबी-जांभळं कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर घाला. हिरवं कुलंट मिसळू नका. बोअरचं पाणी तर कधीच नको. त्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

खंडाळ्याचा घाट जोरात चढून वर चहाला थांबता, तेव्हा टर्बो प्रचंड तापलेला असतो. इंजिन लगेच बंद केलं की आतलं तेल तिथेच करपतं. शेवटचे एक-दोन किलोमीटर हलक्या पायाने चालवा, किंवा मिनिटभर इंजिन चालू ठेवा. गाडी बंद केल्यावर पंखा फिरत राहिला तर तो बिघाड नव्हे, गाडी स्वतःला थंड करते आहे.

पावसाळ्याच्या आधी बॉनेटच्या मागची, काचेखालची जाळी साफ करून घ्या. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पानांनी तिथलं पाणी तुंबतं आणि आत शिरतं. लॉराच्या दारांत आतल्या पत्र्याचं सील सुटतं आणि पायाखालचा गालिचा ओला होतो. वास आला म्हणून परफ्यूम लावू नका, गालिचा उचलून हात लावून बघा. खाली वायरिंग आहे.

गिअरबॉक्स, ब्रेक, टायर

सुपर्ब १.८ मधला सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) कोरड्या क्लचचा आहे. ट्रॅफिकमध्ये इंच-इंच पुढे सरकत राहिलं की हे क्लच तापतात. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदाच सरका. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कंप जाणवला किंवा गिअरचा आकडा लुकलुकू लागला, तर वाट बघू नका. सहा गिअरचा, ओल्या क्लचचा डीएसजी असेल तर दर ६०,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर, याला पर्याय नाही. मॅन्युअल गाडीत क्लच बदलताना फ्लायव्हील तपासून घ्या. ते खडखडत असेल तर दोन्ही एकदम बदला, मजुरी एकदाच लागते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. दर दोन वर्षांनी बदला, काटा कितीही कमी फिरला असला तरी. टायरवर चार आकडे असतात: ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचं कडक रबर या वेगाच्या गाडीला आम्ही मान्य करत नाही.

सुटे भाग

कंपनीच्या डब्यातला भाग आणि त्याच कारखान्याचा दुसऱ्या डब्यातला भाग, यांत अनेकदा फक्त लोगोचा फरक असतो. बॉश, माहले, साक्स, लुक, आयएनए यांचे भाग आम्ही निर्धास्त लावतो. दार, दिवे, सीट, आरसे, अलॉय हे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत चांगले मिळतात, आम्ही आणूनही देतो. पण वापरलेला टेन्शनर, पंप, ब्रेकचा भाग किंवा टर्बो आम्ही बसवत नाही, तुम्ही स्वतः आणून दिलात तरी. काढलेला प्रत्येक जुना भाग खोक्यात घालून तुमच्या डिकीत ठेवला जातो.

रीमॅपसाठी (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलून पॉवर वाढवण्यासाठी) विचारणारे तरुण ग्राहक बरेच आहेत, आणि त्यांची हौस आम्हाला समजते. या गाड्या त्यासाठीच घेतल्या जातात. पण चेन, कॉइल, क्लच आणि कुलिंग यांची तपासणी पास झाल्याशिवाय नाही.

कागद आणि पेट्रोल

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर आरटीओत तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढते, आणि सोबत पर्यावरण कर भरावा लागतो. नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारीसाठी १०,००० रुपये. मुदत संपायच्या दोन महिने आधी हालचाल सुरू करा, उशिराला दंड आहे. दिल्ली परिसरातला जुन्या गाड्यांवर बंदीचा वयाचा नियम महाराष्ट्रात लागू नाही, त्या बातम्या ऐकून घाईने गाडी विकू नका.

२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल या गाड्या बनवताना कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं. पेट्रोलचे जुने रबरी पाइप आम्ही दर सर्व्हिसला हात लावून तपासतो. मऊ पडलेला किंवा भेगाळलेला पाइप त्याच दिवशी बदलतो. गाडी महिनोन् महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका, इथेनॉल ओलावा ओढून घेतं. बॉनेटमधून पेट्रोलचा वास आला तर स्टार्टरला हात न लावता फोन करा.

तपासणीला येताना

असतील ती सगळी जुनी बिलं आणा, फाटकी असली तरी. गाडी शक्यतो आदल्या संध्याकाळी आणून लावा आणि किल्ली आमच्याकडे ठेवा. चेनची खडखड, काजळीची थरथर, निळा धूर हे सगळं रात्रभर थंड राहिलेल्या इंजिनातच खरं दिसतं, त्यामुळे सकाळचा पहिला स्टार्ट आम्ही मारतो. तुम्हाला तो बघायचा असेल तर साडेनऊच्या आत या, तोपर्यंत गाडीला कुणी हात लावणार नाही.