मोठ्या वाऱ्याचं बी

‘ता फंग’ म्हणजे मोठा वारा. जुन्या चिनी वैद्यांनी कुष्ठरोगाला दिलेल्या नावांपैकी हे एक. आणि त्यावर चालणारं बी ते ‘ता फंग त्झ’, मोठ्या वाऱ्याचं बी. आपल्याकडे चालमुगरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडांच्याच कुळातलं.

नाव अस्सल चिनी असलं तरी झाड चीनचं नव्हे. माल यायचा सयाम (आजचं थायलंड)-कंबोडियाकडून. चीनमधल्या युआन (मंगोल) दरबाराच्या शिष्टमंडळाबरोबर १२९६ मध्ये कंबोडियाची तेव्हाची राजधानी अंगकोरला गेलेल्या चौ ता-क्वानने तिथल्या मालात या तेलाची नोंद केली आहे: मोठ्या झाडाचं फळ, नारळासारखं पण गोल, आत पुष्कळ बिया.

परक्या मुलखातलं हे औषध चिनी वैद्यांनी डोळे झाकून घेतलं नाही, आणि मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. बी उष्ण आणि विषारी, हे ते जाणून होते. चौदाव्या शतकातल्या चू तान-शी या वैद्याने बजावलं की हे पोटात घेत राहिलं तर रक्त बिघडतं आणि रोग बरा होण्याआधीच दृष्टी जाते. (कुष्ठरोगही डोळ्यांवर उतरतो, त्यामुळे त्या अंधत्वात रोगाचा वाटा किती आणि औषधाचा किती, हे तेव्हा वेगळं काढणं अवघडच होतं.) पुढे १५७८ मध्ये पुरा झालेल्या ‘पेन त्साओ कांग मू’ या औषधींवरच्या ग्रंथात वैद्य ली शी-चेनने मधला मार्ग सांगितला. पोटात फार देऊ नये, मात्र वरून लावायला तेलाचा गुण मोठा. खरूज, नायटा, चिघळलेले फोड यांवर ते वापरलं जाई.

भारतात हाच धागा आणखी जुना आहे. सुश्रुतसंहितेत पश्चिम समुद्रकाठच्या ‘तुवरक’ वृक्षाच्या बियांचं तेल कुष्ठावर सांगितलं आहे. तुवरक म्हणजे कोकण-सह्याद्रीतलं कडू कवठ, असं मानलं जातं.

पाश्चात्त्य वैद्यकाचं लक्ष तिकडे वळलं ते कलकत्त्याच्या डॉ. मोआट यांच्या १८५४ मधल्या लेखामुळे. अडचण जुनीच होती: तेल प्यायलं की ओकारी, टोचलं तर कातडीखाली गाठी. ती हवाईतल्या ॲलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनतज्ज्ञ स्त्रीने सोडवली. तेलातल्या आम्लांपासून तिने शरीरात मुरेल असं इथाइल एस्टर तयार केलं. १९१६ च्या शेवटच्या दिवशी, वयाच्या २४ व्या वर्षी ती वारली. तिचं काम तिच्याच कॉलेजचा अध्यक्ष आर्थर डीन याने तिच्या नावाचा उल्लेख न करता प्रसिद्ध केलं. १९२२ मध्ये तिला हे काम सुचवणारे डॉ. हॉलमन यांनी छापील लेखात ‘बॉल पद्धत’ असा उल्लेख केला, तेव्हा कुठे तिचं नाव पुढे आलं.

१९४० च्या दशकात कुष्ठरोगाच्या जंतूंवर चालणारी सल्फोन औषधं आली आणि चालमुगऱ्याची इंजेक्शनं मागे पडली.