अंक पाठ, पण चार म्हणजे किती?

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या कुठल्याही मराठी घरी पाहुणे आले की साडेतीन वर्षांच्या मुलाची परीक्षा ठरलेली. ‘म्हण बघू एक, दोन...’ मूल एका दमात वीसपर्यंत जातं, मध्ये सोळा गाळतं, तरी कौतुक होतं. बालमंदिरात तेच मूल गुजरातीत ‘एक, बे, त्रण’ म्हणतं. पुढे इंग्रजी माध्यमात घालायचं ठरलं असेल तर वन-टू-थ्रीही झालेलं असतं. आता त्याच्यापुढे शेंगदाण्यांची वाटी ठेवा आणि म्हणा, ‘मला चार दाणे दे.’ बहुधा मूठभर दाणे तुमच्या तळहातावर येतील. ‘हे चार आहेत का? मोज बरं.’ मूल एकेका दाण्यावर बोट ठेवून अगदी नीट मोजेल, सातापर्यंत येईल आणि बिनदिक्कत सांगेल, ‘हो, चार आहेत.’

पाहुणे हसतात, आई ओशाळते. खरं तर मूल बरंच काही जाणतं. ‘चार’ हा शब्द मोजण्याच्या ओळीत कुठे येतो हे त्याला ठाऊक आहे, तो रंगाचा किंवा आकाराचा शब्द नाही हेही कळतं. तो नेमक्या किती वस्तूंना लावायचा, एवढंच अजून ठरायचं आहे. कॅरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० मध्ये हीच चाचणी छोटी खेळणी घेऊन केली. त्यानंतर ती अनेक देशांत, अनेक भाषांत झाली आणि चित्र बरंचसं सारखं निघालं. आधी मुलाला फक्त ‘एक’ कळतो. एक माग, एकच देईल. दोन माग, तीन माग, मूठभर देईल. काही महिन्यांनी ‘दोन’ पक्का होतो, मग आणखी काही महिन्यांनी ‘तीन’. इथपर्यंत एकेक शब्द सुटा शिकला जातो. त्यानंतर मात्र मूल पाच, सहा, सात वेगवेगळे शिकत बसत नाही. मोजताना शेवटी उच्चारलेला शब्द हीच एकूण संख्या, हे एकदा उमगलं की जिथपर्यंत मोजता येतं तिथपर्यंतचे सगळे आकडे त्याच्या ताब्यात येतात. ‘एक’पासून इथवर यायला साधारण वर्ष जातं, काहींना जास्तही लागतं. बऱ्याच मुलांचा हा टप्पा साडेतीन ते चार या वयात येतो. शेजारच्या मुलाचा आधी आला म्हणून घाबरायचं कारण नाही.

इतका वेळ का लागावा? जन्मतःच काही हाताशी नसतं म्हणावं, तर तसंही नाही. फेई शू आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी २००० मध्ये सहा महिन्यांच्या बाळांना ठिपक्यांची चित्रं दाखवली. आठ-आठ ठिपके पाहून कंटाळलेली बाळं सोळा ठिपके आले की पुन्हा टक लावून बघत. आठानंतर बारा आले तर मात्र त्यांना फरक जाणवत नसे. म्हणजे संख्येची ढोबळ जाण अगदी लहानपणापासून असते, पण ती ढोबळच. शिवाय तीनेक वस्तू न मोजता एका नजरेत ओळखायची सोयही आपल्याला असते. या दोन्हींतून ‘सात’ निघत नाही. ढोबळ जाणीव सात आणि आठात गोंधळते आणि नजर तीन-चारावर थांबते. नेमके सात हवे असतील तर शब्दांची ओळ लागते. ॲमेझॉनच्या जंगलातल्या पिराहा लोकांच्या भाषेत नेमके संख्यावाचक शब्द नाहीत. पीटर गॉर्डन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांच्यातल्या मोठ्या माणसांनाही तीनाच्या पुढे समोरच्याइतक्याच वस्तू बरोबर मांडणं जड गेलं.

मोजण्याचे नियम रॉशेल गेल्मन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये मांडले. एका वस्तूला एकच शब्द, शब्दांचा क्रम कायम, आणि शेवटचा शब्द म्हणजे एकूण. (आणखी दोन आहेत: मोजणं कशाचंही करता येतं आणि कुठल्याही टोकापासून.) पहिले दोन मुलं लवकर पाळू लागतात. अडतं ते तिसऱ्यापाशी. मुलानं पाच वाट्या मोजल्या की विचारून पाहा, ‘मग किती आहेत?’ ज्याला तिसरा नियम उमगलेला नाही ते उत्तर देत नाही, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. त्याच्या लेखी ‘किती?’ म्हणजे ‘मोज’ अशी आज्ञा.

आता बडोद्याची खरी गंमत. इथलं मराठी मूल घरात दोन, शाळेत बे आणि टॅबवर टू ऐकतं. ‘एवढ्या भाषांनी पोराचा गोंधळ होणार’ हे वाक्य इथे प्रत्येक पिढीनं ऐकलेलं आहे. केटी वॅग्नर, डेव्हिड बार्नर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दोन भाषा बोलणाऱ्या छोट्या मुलांची दोन्ही भाषांत चाचणी घेतली. इंग्रजीच्या जोडीला कुणाची फ्रेंच होती, कुणाची स्पॅनिश. एक, दोन, तीन हे छोटे शब्द प्रत्येक भाषेत वेगळे शिकावे लागतात, असं त्यांना दिसलं. एका भाषेतला ‘दोन’ आला म्हणून दुसरीतला आपोआप येत नाही. मात्र शेवटच्या शब्दाचा नियम एका भाषेत सापडला की तो दुसरीतही चालतो. आपल्याकडच्या मुलांवर हाच प्रयोग झाला तर काय दिसेल, याचा माझा अंदाज असा: ‘तीन’ येणारं मूल ‘त्रण’ला अडखळेल आणि आईला वाटेल मागे पडलं; पण चार दाण्यांचं कोडं मराठीत सुटलं की गुजरातीत ते नव्यानं सोडवावं लागणार नाही, फक्त शब्द पाठ हवेत.

आणि त्या शब्दांसाठी नवरात्र आहेच. बे ताळी आणि त्रण ताळी गरबा म्हणजे संख्येचा शब्द हातांनी वाजवणं. सोसायटीच्या चौकात मोठ्यांच्या पायांत घुटमळणारी चिमुरडी तिसरी टाळी चुकवतात, थांबतात, पुन्हा धरतात. याचा गणितावर किती परिणाम होतो हे कुणी मोजल्याचं मी वाचलेलं नाही, त्यामुळे दावा करत नाही. पण ‘त्रण’ शिकायला याहून चांगली जागा मला सुचत नाही.

भाषेचं व्याकरणही यात हात घालतं. स्लोव्हेनियन भाषेत संस्कृतसारखं द्विवचन आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्लोव्हेनियन मुलांना ‘दोन’चा अर्थ इंग्रजी मुलांपेक्षा लवकर कळलेला आढळला. शाळेत ‘देवः देवौ देवाः’ घोकताना त्या मधल्या रूपाला आपण किती शिव्या घातल्या! मराठीनं ते केव्हाच सोडून दिलं.

बालमंदिराच्या दिवसात हे शिकणं नेमकं कुठे होतं? फळ्यावरच्या एक ते शंभरात फारसं नाही. ते होतं नाश्त्याच्या वेळी. गोल बसलेल्या मुलांपुढे एक मूल थाळ्या मांडत जातं. प्रत्येकाला एक, कुणाला दोन नाहीत, कुणी सुटलेलं नाही. शेवटी एक थाळी उरली की बेन, म्हणजे बाई, विचारतात, ‘कोण नथी आव्युं?’ मग सगळी एकमेकांची तोंडं बघू लागतात. हजेरी, थाळ्या, चपलांच्या जोड्या, पाण्याचे पेले, सगळीकडे एकास एक. बेनच्या बोलण्यात एक छोटा बदलही पुरतो. केली मिक्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये साडेतीन वर्षांच्या मुलांवर वेगवेगळ्या पद्धती ताडून पाहिल्या. नुसतं मोजून दाखवणं किंवा नुसती एकूण संख्या सांगणं यांनी फारसा फरक पडला नाही. एकाच गटाची आधी संख्या सांगून लगेच तोच गट मोजून दाखवला, ‘चार वाट्या, एक, दोन, तीन, चार,’ तेव्हा मुलं पुढे सरकली. सुरुवातीचा ‘चार’ आणि शेवटचा ‘चार’ हे एकच आहेत, हे त्यात कानावर पडतं.

बोटांचंही तसंच. २०१५ च्या एका अभ्यासात एलिझाबेथ गंडरसन आणि सहकाऱ्यांना दिसलं की ज्या मुलांना अजून शेवटच्या शब्दाचा नियम उमगलेला नाही, ती दोन-तीन वस्तू किती आहेत हे तोंडानं सांगण्यापेक्षा बोटांनी जास्त बरोबर दाखवतात. तेव्हा ‘किती?’ला उत्तर आलं नाही तर ‘बोटांनी दाखव’ म्हणून बघावं. आजीची पेरांवर मोजायची रीत, चार बोटांवर अंगठा फिरवत बारा, जपाला आणि दुधाच्या हिशेबाला उत्तम. तीन वर्षांच्या मुलासाठी ती मला अडचणीची वाटते. उभी केलेली चार बोटं डोळ्यांना चार दिसतात. पेरावर टेकलेला अंगठा फक्त जागा दाखवतो.

हे सगळं प्रयोगशाळेतच कळलं असंही नाही. मारिया माँटेसरी यांच्या साधनांत एक लाकडी पेटी असते, शून्य ते नऊ असे कप्पे आणि पंचेचाळीस सुट्या चात्या, म्हणजे चरख्याच्या चातीसारख्या लाकडी काड्या. मूल प्रत्येक कप्प्यात त्यावरच्या आकड्याइतक्या चात्या टाकतं. मध्ये कुठे चुकलं तर शेवटी नवाच्या कप्प्याला चात्या कमी पडतात किंवा हातात उरतात, बाईंनी काही बोलायची गरजच नाही. शून्याचा कप्पा रिकामा ठेवायचा असतो, आणि त्यातही काहीतरी टाकायचा मोह मुलांना आवरत नाही. गुजरातेत ही पद्धत रुजली ती शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यामुळे. भावनगरला दक्षिणामूर्तीचं बालमंदिर १९२० मध्ये सुरू झालं, आणि तिथे त्यांच्याबरोबर उभ्या राहिलेल्या ताराबाई मोडक आपल्या मराठी. दोघांच्या पुढाकारानं १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे ताराबाईंनी बोर्डी आणि कोसबाडला महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, शंख, पानं यांवरच बालवाडी चालवली. बडोद्यात सयाजीराव विद्यापीठाच्या मानवविकास विभागाची चेतन बालवाडी आहे, तिथे विद्यार्थिनी मुलांचं निरीक्षण करायला शिकतात.

‘खेळातून शिक्षण’ हा मंत्र मात्र डोळे मिटून जपण्यासारखा नाही. मॉयरा डिलन, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि सहकाऱ्यांनी दिल्लीत ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या २१४ बालवाड्यांतल्या १५४० मुलांबरोबर मोठा प्रयोग केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. चार महिने काही मुलांनी ढोबळ संख्या आणि आकार ओळखण्याचे खेळ खेळले. त्या खेळांतली कौशल्यं सुधारली आणि वर्षभरानंतरही टिकली. पण पहिलीच्या गणितात या मुलांना इतरांपेक्षा काहीच फायदा झाला नाही. नजर तयार झाली. ती शब्दांशी आणि अंकांशी जोडणं हे वेगळं काम, आणि ते मुद्दाम करावं लागतं. मला हा निकाल आशादायक प्रयोगांपेक्षा जास्त उपयोगाचा वाटतो.

अशी जोडणी करणारा एक स्वस्त खेळ गीता रामाणी आणि रॉबर्ट सीग्लर यांनी २००८ मध्ये तपासला. एका सरळ ओळीत दहा घरं, त्यांत १ ते १० आकडे, चकती फिरवायची, एक किंवा दोन येईल तेवढं सरकायचं आणि सरकताना घरातला आकडा मोठ्यानं म्हणायचा. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका. गरीब वस्तीतल्या बालवाडीच्या मुलांची आकड्यांची समज त्यानं वाढली आणि नऊ आठवड्यांनंतरही टिकून होती. आकड्यांऐवजी रंगांची घरं असलेला तोच खेळ खेळणाऱ्यांत तसं झालं नाही. जुन्या घरांच्या ओटल्यावर खडूनं दहा घरं आखायला काय लागतं? मोठ्या गटासाठी सापशिडी आहेच, फक्त एक सवय मोडायला हवी. तेविसावर सोंगटी आहे, चार पडले, की आपण ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणत सरकतो. एलिडा लास्की आणि सीग्लर यांनी २०१४ मध्ये शंभर घरांच्या पटावर पाहिलं, तर ‘चोवीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस’ असं म्हणत सरकणाऱ्या मुलांचीच संख्यांची समज वाढली.

आणि मागितले की मोजून बरोबर सात दाणे देणारं मूल? त्याला डबीत पाच दाणे दाखवा, झाकण लावा, आणखी एक टाका आणि विचारा, आता सहा की सात? लहान आकड्यांना बरेचदा जमतं. पंचविसात एक टाकला की अनेक मुलं पुन्हा चाचपडतात, पंचवीसपर्यंत मोजता येत असूनही. कोणत्याही संख्येत एक मिळवला की ओळीतला पुढचा शब्द येतो, हे सर्व संख्यांना लागू पडतं, अशी खात्री मुलांना साडेपाच-सहाच्या सुमारास येऊ लागते, म्हणजे चार दाण्यांचं कोडं सुटल्यावर दोनेक वर्षांनी. गुजरातेत २०२३ पासून पहिलीच्या प्रवेशाला सहा वर्षं पूर्ण लागतात आणि त्याआधीचं वर्ष बालवाटिकेत जातं. पालकांची त्यावर कुरकुर होती, एक वर्ष फुकट जाणार म्हणून. आकड्यांपुरतं तरी त्या वर्षात मुलाच्या डोक्यात पुष्कळ काम चाललेलं असतं.