निकोटिनिक ॲसिटिलकोलीन ग्राही

निकोटिनिक ॲसिटिलकोलीन ग्राही : पेशीपटलात रुतून बसलेले आणि ग्राही (रासायनिक संकेत ओळखणारा) व आयन-मार्गिका (विद्युतभारित कणांची, म्हणजे आयनांची वाट) अशी दोन्ही कामे एकट्याने करणारे प्रथिन. चेतातंतूच्या टोकातून स्रवलेले ॲसिटिलकोलीन हे संकेतवाहक रसायन त्याला बाहेरून चिकटले, की त्याच्याच मधोमध असलेली वाट उघडते आणि सोडियमचे आयन पेशीत, तर पोटॅशियमचे आयन पेशीबाहेर जाऊ लागतात. संकेत ओळखणे आणि त्यावर कृती करणे यांमध्ये कोणी मध्यस्थ नसल्यामुळे हे सारे मिलिसेकंदाच्या हिशेबात घडते. हृदयाचा वेग मंदावणारे ॲसिटिलकोलीनचे कार्य मस्करिनिक या वेगळ्या कुळातील ग्राहींमार्फत, मधल्या प्रथिनांच्या साखळीतून होते व ते त्यामानाने संथ असते. तंबाखूतील निकोटीनही या ग्राहीला चिकटून मार्गिका उघडते, त्यावरून त्याला हे नाव मिळाले.

स्नायूतील ग्राही पाच उपघटकांचा बनलेला असतो. पिंपाच्या फळ्यांप्रमाणे ते एका मध्यवर्ती पोकळीभोवती उभे असतात. प्रत्येक उपघटक पेशीपटल चार वेळा ओलांडतो आणि त्यांपैकी दुसरा सर्पिल भाग पोकळीच्या बाजूला येतो. पाचांपैकी दोन उपघटक अल्फा प्रकारचे असतात व त्यांच्या शेजारच्या उपघटकांशी असलेल्या सांध्यांत ॲसिटिलकोलीनसाठी दोन खोबणी तयार होतात. मार्गिका नीट उघडण्यासाठी दोन्ही खोबणी भराव्या लागतात. बंद अवस्थेत पोकळीच्या मध्यावर जलविरोधी ॲमिनो अम्लांचे कडे आयनांची वाट अडवते, तर कडेच्या ऋणभारित ॲमिनो अम्लांमुळे केवळ धनभारित आयनांनाच प्रवेश मिळतो. ॲसिटिलकोलीन फार वेळ चिकटून राहिले, तर मार्गिका ते सोडून न देताच मिटते. या अवस्थेला असंवेदन म्हणतात. एरवी चेतातंतू व स्नायू यांच्या सांध्यातील ॲसिटिलकोलीनएस्टरेज हे विकर ते झपाट्याने तोडून टाकते.

स्नायूच्या पृष्ठावर असा एखादा ‘ग्रहणशील पदार्थ’ असावा, असे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन लँग्ली यांनी निकोटीन व क्युरारे (स्नायू लुळे करणारे वनस्पतिजन्य विष) यांच्या प्रयोगांवरून १९०५ मध्ये सुचवले. तो पदार्थ हाती लागायला मात्र दोन प्राण्यांची मदत घ्यावी लागली. विद्युत-माशांच्या वीज निर्माण करणाऱ्या अवयवात हे ग्राही दाटीवाटीने असतात, आणि तैवानमधील मण्यारीच्या विषातून सी. सी. चांग व सी. वाय. ली यांनी १९६३ मध्ये वेगळे केलेले अल्फा-बंगॅरोटॉक्सिन त्यांना घट्ट चिकटते. या विषाचा आमिषासारखा उपयोग करून १९७० च्या सुमारास ग्राही ओळखता व वेगळा करता आला. पुढे १९७६ मध्ये एर्विन नेहर व बर्ट झाकमान यांनी बेडकाच्या स्नायूवर काचेची सूक्ष्म नळी टेकवून एकाच मार्गिकेतून वाहणारा प्रवाह मोजला. या कार्यासाठी त्यांना १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या ग्राहीचे खरे मर्म त्याच्या रूपभेदांत आहे. गर्भाच्या स्नायूत दोन अल्फांसोबत बीटा, डेल्टा व गॅमा हे उपघटक असतात. जन्माच्या आगेमागे गॅमाच्या जागी एप्सिलॉन येतो. पाचांतला एकच घटक बदलतो, पण वर्तन पालटते. गर्भावस्थेतील मार्गिकेची वाहकता सुमारे ४० पिकोसीमेन्स (विद्युत वाहकतेचे अतिसूक्ष्म एकक) असते व ती बराच वेळ उघडी राहते. प्रौढ मार्गिकेची वाहकता सुमारे ६० पिकोसीमेन्स असते, पण ती लवकर मिटते. चेतातंतू तुटल्यास किंवा अंग दीर्घकाळ लुळे पडल्यास स्नायू पुन्हा गॅमा तयार करू लागतो आणि असे ग्राही चेतातंतूच्या सांध्यापुरते न राहता स्नायूभर पसरतात. अशा रुग्णाला सक्सिनिलकोलीन हे या ग्राहीची मार्गिका उघडून स्नायू शिथिल करणारे औषध दिल्यास रक्तातील पोटॅशियम धोकादायक प्रमाणात वाढू शकते, म्हणून भूलतज्ज्ञ ते टाळतात.

जनुकीय दोषांतूनही हीच गोष्ट दिसते. गॅमाच्या जनुकात दोष असलेले बाळ एस्कोबार संलक्षण घेऊन जन्मते: गर्भात हालचाल कमी झाल्यामुळे सांधे आखडलेले असतात व त्यांवर त्वचेचे पडदे आलेले असतात, परंतु एप्सिलॉनने काम हाती घेतल्यामुळे जन्मानंतर स्नायूंना ग्राहीच्या अभावाने येणारा थकवा राहत नाही. उलट एप्सिलॉन निकामी झाल्यास जन्मजात मायस्थेनिया (स्नायूंचा अशक्तपणा) होतो आणि उरलासुरला गॅमा रुग्णाला तारून नेतो. या जनुकातील एक अक्षर गळाल्याचा दोष युरोपातील रोमा समाजात वारंवार आढळतो, व तोच भारतीय उपखंडातील रुग्णांतही सापडला आहे. काही बदलांनी मार्गिका गरजेपेक्षा जास्त वेळ उघडी राहते, तर काहींनी ती फार लवकर मिटते. दोन्हींचे बाह्य लक्षण अशक्तपणा हेच, पण उपचार परस्परविरुद्ध आहेत: लवकर मिटणाऱ्या मार्गिकेला ॲसिटिलकोलीन तोडणाऱ्या विकराला रोखणाऱ्या पायरिडोस्टिग्मिनने आधार मिळतो, उघडी राहणाऱ्या मार्गिकेला त्याच औषधाने अपाय होतो व तिला बुजवणारे क्विनिडीन किंवा फ्लुओक्सेटिन द्यावे लागते. त्यामुळे नेमका रूपभेद ओळखल्याशिवाय औषध देणे येथे घातक ठरू शकते.

मेंदूत अल्फा-४ व बीटा-२ या उपघटकांचा ग्राही विपुल असून धूम्रपानाचे व्यसन मुख्यतः त्याच्याशी निगडित आहे. केवळ अल्फा-७ चा बनलेला ग्राही कॅल्शियमला अधिक वाट देतो.

महाराष्ट्रात नाग व मण्यार या दोन्ही सापांच्या दंशाने पापण्या मिटतात आणि श्वास अडतो, तरी विषाची जागा निराळी असते. नागाच्या विषातील प्रथिने या ग्राहीची खोबणी अडवतात; त्यामुळे प्रतिविषाच्या जोडीला ॲट्रोपीनसह निओस्टिग्मिन हे त्याच विकराला रोखणारे औषध दिल्यास ॲसिटिलकोलीन साठून काही प्रमाणात लाभ होतो. मण्यारीचे विष मुख्यत्वे चेतातंतूचे टोकच निकामी करते व तेथे या औषधाचा फारसा उपयोग होत नाही. रुग्णाला कृत्रिम श्वासोच्छ्वासावर तगवावे लागते. नाग स्वतःच्या विषाने मरत नाही, कारण त्याच्या अल्फा उपघटकात विष चिकटण्याच्या जागी बदल झालेला असून तेथे शर्करेची साखळी जडलेली असते. मुंगसाच्या ग्राहीतही जवळजवळ त्याच जागी तशीच साखळी आढळते. ती अल्फा-बंगॅरोटॉक्सिनला रोखते, पण आकाराने लहान असलेल्या ॲसिटिलकोलीनची वाट अडवत नाही.