मॉडिफाइड कॅमेरा : एरर आणि सेन्सरची सफाई

मॉडिफाइड कॅमेरा म्हणजे ज्याच्या सेन्सरपुढची मूळ काच बदललेली किंवा काढूनच टाकलेली आहे असा डिजिटल कॅमेरा. साध्या कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढ्यात इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो आणि तो जाता जाता गडद लाल उजेडही बराचसा खातो, त्यामुळे तेजोमेघांमधला हायड्रोजन-अल्फाचा ६५६.३ नॅनोमीटरवाला लाल रंग साध्या कॅमेऱ्यात फिकाच येतो. तो फिल्टर काढून पारदर्शक काच बसवली की झाला फुल स्पेक्ट्रम, ७२० नॅनोमीटरचा फिल्टर बसवला की झाला इन्फ्रारेड, आणि हायड्रोजन-अल्फा आत येऊ देऊन फक्त इन्फ्रारेड अडवणारा बसवला की ॲस्ट्रो मॉड. कॅननचा २०डीए (२००५), ६०डीए (२०१२), ईओएस आरए (२०१९) आणि निकॉनचा डी८१०ए (२०१५) हे कारखान्यातूनच असे आलेले, पण लोकांच्या हातात असतात ते बहुतेक जुने डीएसएलआर, कोणीतरी स्क्रू काढून उघडलेले आणि परत जोडलेले. त्यामुळे काही बिघडलं की मॅन्युअल निम्मंच उपयोगी पडतं, कारण मॅन्युअल लिहिलंय ते आत मूळ काच आहे असं धरून. एरर असो की डाग, पहिला प्रश्न एकच: आत्ता सेन्सरच्या पुढे नक्की कोणती काच आहे आणि किती थर आहेत? सेकंडहँड घेतलेला असेल तर आधीच्या मालकाला हे विचारून लिहून ठेवायचं, नंतर कोणाला आठवत नाही.

आधी जे एरर नाहीतच ते बाजूला काढू. टेलिस्कोपला किंवा जुन्या मॅन्युअल लेन्सला कॅमेरा जोडला की ॲपर्चरच्या जागी कॅननवर ००, निकॉनवर एफ आणि पुढे दोन आडव्या रेघा दिसतात, याचा अर्थ एवढाच की समोर इलेक्ट्रॉनिक लेन्स नाही, बाकी सगळं ठीक आहे. निकॉनवर एफईई आलं तर जुन्या लेन्सची ॲपर्चर रिंग सगळ्यात मोठ्या आकड्यावर नेऊन लॉक करायची, संपलं. फोटो लालभडक येतोय हाही बिघाड नाही, लाल आता अडतच नाही तर दुसरं काय होणार, कस्टम व्हाइट बॅलन्स घ्यायचा, म्हणजे पांढरं कशाला धरायचं ते कॅमेऱ्याला दाखवायचं, इन्फ्रारेडवाले हिरव्या पानांवर किंवा गवतावर घेतात. इन्फ्रारेड फोटोच्या बरोब्बर मधोमध उजळ गोल दिसत असेल तर तो लेन्सचा हॉटस्पॉट, ॲपर्चर लहान केलं की वाढतो, त्यासाठी सेन्सर पुसत बसणाऱ्यांनी कृपया थांबावं.

फोकसचं जरा समजून घेण्यासारखं आहे. काच उजेडाला वाकवते म्हणून फोकस पडायची जागा काचेच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश इतकी मागे सरकते. समजा दीड मिलिमीटर जाडीचा फिल्टर काढला आणि बदल्यात काहीच बसवलं नाही, तर ही जागा अर्धा मिलिमीटर लेन्सकडे येते, आणि मग लेन्स इन्फिनिटीपर्यंत पोचतच नाही. डीएसएलआरचा ऑटोफोकस वेगळ्या सेन्सरवरून, आरशाखालून चालतो, त्याला या बदलाचा पत्ताच नसतो, तो आपला बीप देऊन मोकळा. लाइव्ह व्ह्यूमध्ये मात्र प्रत्यक्ष सेन्सरवरूनच बघितलं जातं म्हणून तिथे फोकस बरोबर येतो. व्ह्यूफाइंडरने फोटो धूसर आणि लाइव्ह व्ह्यूने खणखणीत असं असेल तर दोष काचेच्या जाडीचा किंवा सेन्सरच्या उंचीचा, लेन्सचा नाही. फ्रेमची एकच बाजू धूसर येत असेल तर बहुतेक वेळा सेन्सर तिरका बसलाय, कारण त्याच्या स्क्रूंखाली पातळ वॉशर असतात आणि ते ज्या कोपऱ्यातून काढले त्याच कोपऱ्यात परत गेले पाहिजेत.

आता खरे एरर. कॅननचा एरर ०१ म्हणजे लेन्स आणि बॉडीचं बोलणं तुटलंय, माउंटवरचे सोनेरी कॉन्टॅक्ट कोरड्या स्वच्छ कापडाने पुसायचे. ०२ म्हणजे कार्ड. एरर ९९ म्हणजे कॅमेऱ्यालाही कळलेलं नाही काय झालंय, त्यामुळे तिथे एक एक गोष्ट काढून बघायची, आधी लेन्स, मग कार्ड, मग बॅटरी. रात्रभर फोटो काढणारे डमी बॅटरी लावतात, म्हणजे बॅटरीच्या आकाराचा ठोकळा आणि त्याला बाहेरून वायर, आणि ती वायर लांब नि बारीक असली की आरसा आणि शटर एकदम हलताना व्होल्टेज खाली जातं आणि कॅमेरा एरर देऊन बसतो. खरी चार्ज केलेली बॅटरी घालून दहा फोटो काढायचे, एरर गेला तर कॅमेऱ्यात काही बिघडलेलं नाही.

मॉडिफाइड कॅमेऱ्यांचा खास म्हणावा असा एरर म्हणजे ०६, सेन्सरची सफाई करता येत नाही. धूळ झटकण्यासाठी सेन्सरपुढची काच अतिवेगाने थरथरवायची ही युक्ती ऑलिंपसने २००३ मध्ये ई-१ कॅमेऱ्यात आणली आणि नंतर सगळ्यांनीच घेतली. पण मॉड करताना नेमकी हीच थरथरणारी काच बऱ्याचदा काढली जाते किंवा तिची वायर सुटते, आणि कॅमेरा मात्र चालू-बंद करताना तिला शोधत राहतो. मेनूत ऑटो क्लीनिंग बंद करून बघायचं. त्याचा दुसरा अर्थ, धूळ झटकणारं आता आत कोणी नाही, ब्लोअर (हवा फुंकायचा रबरी फुगा) मारायचं काम तुमचं.

उघडल्यावर लगेच आलेला एरर, काळा फोटो, आडव्या-उभ्या रेघा किंवा लाइव्ह व्ह्यू बंद, यात मला वाटतं दहातल्या बहुतेक वेळा रिबन केबलच असते. चपटी पट्टी सॉकेटमध्ये सरळ सरकली पाहिजे आणि वरची इवलीशी खिट्टी खाली बसली पाहिजे. अर्धा मिलिमीटर तिरकी बसली तरी वरून ठीकच दिसते, म्हणून भिंगातून बघायचं, पट्टीची कड सॉकेटला समांतर आहे का ते. परत उघडताना दोन गोष्टी: जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात, साध्या फिलिप्स पेचकसाने त्यांची डोकी झिजतात, आणि फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज शिल्लक असू शकतो. तो झटका गमतीचा नसतो.

डाग शोधायचे तर ॲपर्चर एफ/१६ किंवा एफ/२२, आयएसओ कमी, फोकस मुद्दाम बिघडवून कोऱ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या स्क्रीनचा फोटो घ्यायचा, कॅमेरा हलला तर उलट बरंच. सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे फोटोत वर डावीकडे दिसणारा डाग समोरून सेन्सरकडे बघताना खाली डावीकडे असतो. डावं-उजवं तेच राहतं, फक्त वर-खाली बदलतं, आणि इथे चुकून लोक भलताच कोपरा घासत बसतात.

पुढचा हिशेब मॉडिफाइड कॅमेऱ्यात सोन्यासारखा आहे. धुळीचा कण सेन्सरवर नसतोच, तो वरच्या काचेवर असतो आणि आपल्याला दिसते ती त्याची सावली. सावलीची रुंदी गुणिले एफ आकडा म्हणजे कणाचं सेन्सरपासूनचं ढोबळ अंतर. ४ मायक्रॉनचे पिक्सेल असतील आणि एफ/१६ ला डाग २५ पिक्सेल रुंद असेल तर रुंदी झाली ०.१ मिलिमीटर, अंतर १.६ मिलिमीटर, म्हणजे कण बाहेरच्या काचेवर, पुसून जाईल. तोच डाग आठ पिक्सेलचा, गडद आणि रेखीव असेल तर अंतर अर्धा मिलिमीटर, म्हणजे काच बसवताना कचरा आत राहिलाय. एफ/४ वर गेलात की बाहेरचा डाग पसरून दिसेनासा होतो, आतला अंधुक का होईना दिसत राहतो. आतल्या कचऱ्याला बाहेरून कितीही पुसा, तो ढिम्म हलणार नाही. पांढरे, लाल, निळे चमकणारे एकेक ठिपके असतील तर ते हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरचेच आपोआप चमकणारे पिक्सेल, त्यांचा धुळीशी संबंध नाही. आणि डाग गोल, कडेला उजळ, फुंकून न हलणारा असेल तर तेल. निकॉन डी६०० (२०१२) या डागांमुळेच बदनाम झाला होता आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने फुकट तपासणी, सफाई आणि शटर बदलून द्यायचं जाहीर केलं.

सफाईची सुरुवात ब्लोअरने. बॅटरी पूर्ण चार्ज, मेनूतला सेन्सर क्लीनिंग मोड, कॅमेऱ्याचं तोंड खाली, दहा-बारा फुंका, टोक काचेला न लावता. बल्ब मोडवर, म्हणजे बटण दाबून शटर उघडं धरून, सफाई करू नका, बोट सटकलं की शटर स्वॅबवर (पुसायच्या चपट्या काडीवर) आपटतं. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी उडते. डब्यातली दाबाची हवा तर नकोच, तिच्यातला द्रव काचेवर गोठतो. निम्मे डाग इथेच जातात.

उरले तरच ओलं पुसणं, आणि इथे परत तोच प्रश्न, वर कोणती काच आहे. साधी घट्ट बसवलेली काच असेल तर सेन्सरच्या छोट्या बाजूएवढा रुंद स्वॅब, म्हणजे एपीएस-सी या लहान सेन्सरला साधारण १६ आणि फुल फ्रेम या मोठ्याला २४ मिलिमीटर, त्यावर सेन्सरसाठीच्या द्रवाचे दोन-तीन थेंब, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच सलग फटका, पलटून दुसऱ्या बाजूने परत, आणि स्वॅब टाकून द्यायचा. रेघा उमटल्या तर द्रव जास्त झाला. काच कडेने गोंदाने चिकटवलेली असेल तर द्रव कडेपर्यंत न्यायचा नाही, गोंद विरघळून मधे पसरला की सगळंच उघडावं लागतं. घरगुती मॉडमध्ये जिलेटिनचा फिल्टर कापून लावलेला असतो, त्याला ओलं अजिबात चालत नाही, फक्त फुंकणं. मोनोक्रोम करायला वरचा रंगीत थर खरवडलेल्या सेन्सरवर तर काचच नसते, कडेला केसाहून बारीक सोन्याच्या तारा असतात, त्यातली एक तुटली की सेन्सर गेला, तिथे स्वॅब हातातही घेऊ नये. पेल्टियर (विजेवर थंड होणारी चकती) लावून थंड केलेल्या कॅमेऱ्यात फोटोच्या मधोमध हळूहळू वाढणारा धुरकट डाग दिसला तर तो बहुधा दव, पुसायच्या आधी सिलिका जेल बदला.

दोन स्वॅबनंतरही डाग त्याच पिक्सेलवर असेल तर तिसरा घेऊ नका. तो आतला आहे, आणि काच उघडून तो एक काढताना चार नवे आत जायची शक्यताच जास्त. ॲस्ट्रोवाले अशा वेळी फोकस आणि कॅमेऱ्याचा कोन न बदलता फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजेडाचा कोरा फोटो) घेतात आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या फ्लॅटने फोटोला भागलं की डाग जातो, बाकीच्यांनी एफ/८ च्या वर जाऊ नये.