सोलरच्या आधी पंखे आणि गच्ची
नागपुरातल्या जुन्या घरांसाठी माहितीपत्रक

एप्रिल उजाडला की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सोलर बसवायचं आहे, किती किलोवॉटचं लागेल?" सोलर बसवणे हा आमचा धंदाच आहे. तरीही आम्ही आधी विचारतो, घरात पंखे कोणते आहेत आणि वरच्या मजल्यावर रात्री झोप लागते का? वाया जाणारी वीज न थांबवता सोलर बसवले, तर त्या वाया जाणाऱ्या विजेसाठीही पॅनल विकत घ्यावे लागतात.

हिशोबच मांडतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेत केंद्राचे अनुदान पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये आहे. जास्तीत जास्त ७८,०००. चौथ्या किलोवॉटला एक रुपयाही नाही, तो सगळा तुमच्या खिशातून.

आता पंखा बघा. जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) फुल स्पीडवर ३० च्या आसपास. दिवसाला १५ तास धरले, तर एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात; चार पंख्यांचे ८०. एक किलोवॉटचा सोलर संच महिन्याला साधारण १२० युनिट देतो. म्हणजे नुसते चार पंखे बदलून दोन-तृतीयांश किलोवॉटचे काम झाले, तेही बारा-तेरा हजारांत. ज्यांना चार किलोवॉट लागतील असे वाटत होते, त्यांचे बऱ्याचदा तीनमध्ये भागते.

शिवाय वाचलेले युनिट बिलाच्या वरच्या टोकाचे असते. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात आणि पुढच्या टप्प्याचा दर चढत जातो. महिन्याला ३६० युनिट वापरणाऱ्या घराने ८० वाचवले, तर त्यातले ६० हे तीनशेच्या वरचे, महाग दराचे असतात. म्हणून बचत मोजताना बिलाची सरासरी काढू नका, वरच्या टप्प्याचा दर धरा.

गच्चीचे काम

मे महिन्यात रात्री अकरा वाजता स्टुलावर उभे राहून वरच्या मजल्याच्या छताला हात लावून बघा. छत हाताला गरम लागते. दिवसभर उन्हात तापलेला स्लॅब तेव्हा ती उष्णता खाली खोलीत सोडत असतो, आणि तुमचा कूलर किंवा एसी रात्रभर त्या स्लॅबशी झुंजत असतो.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गच्ची पांढरी करणे. चुन्यात फेव्हिकॉल घालून मारण्याची रीत आपल्याकडे आहेच, आणि ती चांगली आहे. फक्त पावसाळ्यात धुऊन जाते, दरवर्षी पुन्हा मारावी लागते. उष्णता परतवणारा तयार रंग महाग पडतो, पण काही वर्षे टिकतो. घेताना डब्यावरचा एसआरआय आकडा (रंग उन्हाची उष्णता किती परतवतो त्याचे माप) बघा, शंभराच्या आसपास हवा. आम्ही आधी गच्चीचा एक कोपरा रंगवून देतो. दुपारी तीन वाजता घरच्यांनी एक पाय उघड्या स्लॅबवर आणि एक पांढऱ्या भागावर ठेवून बघावा. उघड्या स्लॅबवरचा पाय लगेच उचलावा लागतो, पांढऱ्यावरचा टेकलेला राहतो. त्यानंतर आम्हाला फार समजावून सांगावे लागत नाही.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगतो. हा रंग म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. स्लॅब गळत असेल तर आधी ती दुरुस्ती. आणि धूळ बसली की रंगाचा गुण उतरतो, म्हणून दर मार्चमध्ये गच्ची धुवा.

पश्चिमेच्या खिडकीला पडदा बाहेरून लावा, बांबूची चिक असो की हिरवी जाळी. आतला पडदा ऊन थांबवतो तोवर ते काचेतून घरात आलेले असते. आणि आपल्याकडच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये कूलर मोडीत काढू नका. तो दोनशे वॉटच्या आसपास चालतो, दीड टनाचा एसी दीड हजाराच्या.

पैसे कसे उभे करायचे

२०१५ साली उजाला योजनेत एलईडी बल्ब घरोघरी पोचले. त्यामागे एक साधी सोय होती : बऱ्याच ठिकाणी सुरुवातीला दहा रुपये भरून बल्ब घरी न्यायचा आणि उरलेले पैसे वीजबिलातून हप्त्याने फेडायचे. एकरकमी पैसे न निघणाऱ्या घरातही त्यामुळे बल्ब लागला. आम्ही तेच धोरण धरले आहे, हप्ता बचतीच्या आत बसला पाहिजे.

चार पंख्यांचे १२,६०० रुपये झाले असे धरू. सुरुवातीला ४,२०० द्या, उरलेले ८,४०० सातशेच्या बारा हप्त्यांत. सगळे आकार धरून तुमचे वरचे युनिट दहा रुपयांना पडत असेल, तर ८० युनिटांचे महिन्याला ८०० वाचतात आणि सातशे त्यातूनच निघतात. डिसेंबर-जानेवारीत हप्ता नाही, कारण पंखे बंद म्हणजे बचतही बंद. "शून्य टक्के हप्ता" अशी पाटी कुठेही दिसली, तर तीच वस्तू रोखीने कितीला आहे ते आधी विचारा. व्याज बऱ्याचदा त्या फरकात असते.

सोलरसाठी मात्र बँकेचे कर्जच घ्या. तीन किलोवॉटपर्यंतच्या संचाला सार्वजनिक बँका २ लाखांपर्यंत विनातारण कर्ज देतात, व्याजही वैयक्तिक कर्जापेक्षा बरेच कमी. अनुदान नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारे मीटर) बसल्यावर थेट तुमच्या खात्यात येते, आमच्या नाही. त्यासाठी पॅनल भारतीय बनावटीचे लागतात. सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावापायी : घर मुलाच्या नावावर, वीजबिल अजून दिवंगत वडिलांच्या नावावर. ते नाव आधी बदलून घ्या, कागद आम्ही भरून देतो. आणि हो, बॅटरी नसलेला सोलर संच लाइट गेली की बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून तशी व्यवस्था असते.

भाड्याने राहत असाल तर पंखे तुम्ही घ्या, घर सोडताना काढून नेता येतात. गच्चीचा खर्च मालकाचा. काही घरमालक तो भाड्यातून वळता करून देतात. तशी बोलणी करायची असल्यास आम्ही घरमालकांसमोर हिशोब मांडायला येतो.

दुकानात येताना गेल्या बारा महिन्यांची बिले आणा, निदान मे आणि डिसेंबरची तरी. दोन्हींतल्या युनिटांच्या फरकावरून तुमचे घर उन्हाळ्यात किती जास्त वीज खाते ते कळते, आणि काम कुठून सुरू करायचे तेही तिथेच ठरवू.