दुर्बिणीतून केलेलं ऑपरेशन ‘किरकोळ’ नसतं

क्रोन्सच्या आजारात (आतड्यांना दीर्घकाळ सूज आणणारा आजार) दुर्बिणीतून ऑपरेशन म्हणजे किरकोळ काम, हा समज चुकीचा आहे. लहान असतात ती पोटावरची छिद्रं, साधारण 5 ते 12 मिलिमीटरची. आत मात्र पोट उघडून करतात तसंच, आतड्याचा तेवढाच भाग कापतात आणि उरलेल्या टोकांना तसाच जोड घालतात. तुकडा बाहेर काढायला काही सेंटिमीटरचा छेद लागतोच. जोड गळण्याचा धोकाही राहतो. कुपोषण, पोटातलं गळू आणि स्टेरॉइडचा मोठा डोस यांनी तो वाढतो. म्हणून शक्य असेल तर गळू आधी नळी घालून रिकामं करतात, स्टेरॉइडचा डोस डॉक्टर हळूहळू उतरवतात (रुग्णाने स्वतःहून कधीच नाही). आतडी फार चिकटलेली निघाली तर पोट उघडावं लागतं; ते अपयश नव्हे. वेदना कमी, घरी लवकर, हे फायदे खरेच. पण आजार जोडाजवळ परतू शकतो, त्यामुळे 6 ते 12 महिन्यांत कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून आतड्याची तपासणी) हवी आणि सिगारेट कायमची बंद.